माहितीची लेव्ही



ज्वारीची लेव्ही घातलेली पिढी अजून गावोगावी आहे. किती क्विंटल घालायची ते सरकार ठरवायचे, भावही सरकारच ठरवायचे. पिकली नाही म्हणून बाजारातून चढ्या भावाने ज्वारी आणून लेव्ही भरल्याचे सांगणारे म्हातारे आजही भेटतील. कापसाचेही तेच. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार आला. कापूस आपला, पण गिऱ्हाईक एकच, आणि राज्याची हद्द ओलांडली तर आपण चोर. ती लेव्ही गेली, तो एकाधिकारही गेला. पण सक्तीने घ्यायचे आणि आपल्या मर्जीने विकायचे, ही सरकारची खोड काही गेली नाही. फक्त माल बदलला. नव्या मालाचे नाव आहे माहिती.

मोटारसायकल घ्या, ट्रॅक्टर घ्या, कापूस जिनिंगला न्यायला छोटा हत्ती घ्या. नोंदणी केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ३९. त्यासाठी नाव, पत्ता, मोबाईल, इंजिन नंबर, चासी नंबर, कोणत्या बँकेचे किंवा फायनान्सचे कर्ज, विमा कोणाचा, सगळे आरटीओला लिहून द्यावे लागते. नाही म्हणायची सोय नाही. नोंदणीला आमची हरकतही नाही. चोरीची गाडी सापडावी, अपघात करून पळालेला पकडला जावा, यासाठी नोंद हवीच. त्याच कामासाठी आपण माहिती दिली, आणि वर फीसुद्धा भरली.

पुढे काय झाले ते ऐका. देशभरातल्या या नोंदी 'वाहन' आणि 'सारथी' या दोन सरकारी संगणक-साठ्यांत जमा झाल्या. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही माहिती घाऊक विकण्याचे धोरणच काढले. व्यापारी कंपनीला २०१९-२० या वर्षासाठी दर ३ कोटी रुपये, शिक्षणसंस्थेला ५ लाख. जुलै २०१९ मध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत हिशेब दिला: ८७ खाजगी आणि ३२ सरकारी संस्थांना या साठ्यांत प्रवेश दिला, त्यातून सरकारला ६५ कोटी रुपये मिळाले. साठ्यात तेव्हा सुमारे २५ कोटी गाड्यांच्या आणि १५ कोटी लायसन्सच्या नोंदी होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलेला आकडा १११ कोटींवर गेला होता.

आता आपण आपला हिशेब करू. ६५ कोटी भागिले नुसत्या गाड्यांच्या २५ कोटी नोंदी. एका गाडीमागे २ रुपये ६० पैसे. तुमच्या घरादाराची खबर सरकारने अर्ध्या चहाच्याही भावात काढली नाही. आणि त्या अडीच रुपयांतला एक पैसा तरी मालकाच्या हातावर पडला का? लेव्हीत निदान पडता भाव तरी मिळायचा. इथे माल फुकट, मालकाला विचारणे नाही, पट्टी नाही, पावती नाही. खुद्द अडत्यालाही लाज वाटेल असा हा व्यवहार!

यात माणसाचे नुकसान काय, असे साहेब लोक विचारतात. उत्तर त्यांच्याच कागदात आहे. ही माहिती दुसऱ्या याद्यांशी जोडली तर माणूस ओळखता येऊ शकतो आणि त्याचे खाजगीपण धोक्यात येऊ शकते, ही शक्यता धोरणाच्या मजकुरातच मान्य केली होती. धोका माहीत होता, तरी विक्री केली! गडी कोणाचा, कर्ज कोणाचे, हप्ता कुठे अडकला, हे गावात चार घरांना माहीत असणे वेगळे. ते बाजारात यादी म्हणून फिरणे वेगळे. विमा कधी संपतो ते विमावाल्याला कळणार, ट्रॅक्टरवर कोणाचा बोजा आहे ते जुनी ट्रॅक्टरे ओढून नेणाऱ्याला कळणार. आणि उद्या जिल्हा मेळाव्याच्या मैदानाबाहेर उभ्या मोटारसायकलींचे नुसते नंबर कोणी टिपून नेले, तर कोण कुठल्या गावाहून आला याची हजेरी आपोआप तयार. ज्याला हक्कासाठी रस्त्यावर यावे लागते, त्याने ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

जून २०२० मध्ये खाजगीपणाच्या चिंतेचे कारण देऊन मंत्रालयाने ते धोरण मागे घेतले. ठीक झाले. पण विकलेला कापूस गठाणीतून परत काढता येतो का? माहितीचे तर त्याहून वाईट. ती विकली तरी विकणाऱ्याकडे राहते, घेणाऱ्याकडे राहते आणि तिच्या शंभर नकला निघतात.

काही जण म्हणतील, जुनी गाडी घेताना तिचा इतिहास कळायला नको का? कळलाच पाहिजे. जुना ट्रॅक्टर घेणारा आपलाच भाऊ असतो. गाडी चोरीची आहे का, फायनान्सचा बोजा उतरला का, विमा आणि कर चालू आहे का, हे त्याला नंबर टाकून दिसावे. सातबारा चावडीवर पाहता येतो तो याचसाठी. पण गाडीची कुंडली वेगळी आणि मालकाची कुंडली वेगळी. पहिली खरेदीदाराला दाखवा. दुसरी मालकाच्या संमतीशिवाय कोणालाही नको.

अमेरिकेने हा धडा रक्त सांडल्यावर घेतला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात एका तरुण अभिनेत्रीचा पाठलाग करणाऱ्याने खाजगी गुप्तहेरामार्फत वाहन खात्याच्या नोंदीतून तिचा पत्ता मिळवला आणि दारात जाऊन तिला गोळी घातली. मग १९९४ मध्ये वाहनचालकांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर दोन वर्षेही उलटायच्या आत सरकारने माहितीचे दुकान उघडले!

आणि कायदा आला तो कसा? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, केंद्राने अधिसूचना काढली की सरकारी यंत्रणेला त्यातून सूट देण्याची वाट ठेवली आहे. याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) बदलले, आणि वैयक्तिक म्हणून माहिती नाकारणे अधिकाऱ्याला सोपे केले. व्यापक जनहित दाखवून ती मागण्याची वाट कलम ८(२) मध्ये उरली आहे, पण ते जनहित सिद्ध करत बसायचे आपण. म्हणजे आमचे खाजगी ते बाजारात आणि त्यांचे सार्वजनिक ते कुलपात.

गाडीपुरते हे असते तर एवढे लिहिले नसते. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हमीभावाने कापूस घालायला २०२५ च्या हंगामात मोबाईलवर नोंदणी आली. जमीन, पीक, बँक खाते, आधार, सगळे एका दावणीला बांधले जात आहे. जे गाडीच्या माहितीचे झाले ते शिवाराच्या माहितीचे होणार नाही, याची लेखी हमी कोणी दिली आहे? कोणाच्या शेतात किती कापूस उभा आहे हे व्यापाऱ्याला आधी कळले, तर भाव कोण पाडणार ते सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून जिल्हा मेळाव्यांत हे ठराव व्हावेत:

१. सक्तीने घेतलेली माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी. विक्री पूर्ण बंद.

२. वाहनांची माहिती आजवर कोणाकोणाला दिली त्यांची नावे जाहीर करावीत आणि त्यांच्याकडची नक्कल नष्ट झाल्याचा दाखला घ्यावा.

३. आपली नोंद कोणी, केव्हा, कशासाठी पाहिली, हे मालकाला आपल्या मोबाईलवर दिसावे.

४. शेतकरी ओळख क्रमांकाखालची माहिती कोणत्याही कंपनीला देण्यापूर्वी शेतकऱ्याची स्वतंत्र, मराठीत लिहिलेली संमती घ्यावी. संमती नाकारली म्हणून योजना अडवू नये.

५. माहिती अधिकाराचे कलम पूर्ववत करावे.

आम्ही सरकारकडे काही मागत नाही. आमच्या घरातले उचलू नका, एवढेच सांगतो. घामाच्या दामासाठी लढणाऱ्याने नावाचे दाम दुसऱ्याला खाऊ देऊ नये.