जवानाच्या घराची जबाबदारी कोणाची?

आमच्या वसतिगृहात प्रवेशअर्जावरील ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘सैन्यात’ असे वाचले की आम्हां शिक्षकांना अभिमान वाटतो. पण त्या अर्जाखालची सही बहुधा आजोबांची किंवा मामांची असते. सांगोल्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात कोरडवाहू शेतीवर संसार चालत नाही, म्हणून तरुण भरतीच्या मैदानाकडे वळतात. त्या नोकरीने घर उभे राहते आणि त्याच नोकरीपायी घरचा कर्ता वर्षानुवर्षे घराबाहेर राहतो.

आमच्या समाजाला सैन्य परके नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची साक्ष देणाऱ्या भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर धारातीर्थी पडलेल्या २२ महार सैनिकांची नावे आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. जे स्थान इतक्या झगड्याने मिळाले, त्याची घराला पडणारी किंमत बोलून दाखवणे आम्हांला कृतघ्नपणाचे वाटत आले. हे मौन आता सोडले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाबासाहेबांच्या बालपणातच याचा एक दाखला आहे. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावी रोखपालाच्या नोकरीवर होते. आईविना मुले साताऱ्यात आत्याजवळ राहत. १९०१ मध्ये ती वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. पण त्यांच्या येण्याचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. त्या प्रवासात त्यांनी अस्पृश्यतेचे जे चटके सोसले, ते आम्ही वर्गात शिकवतो. मात्र पोटासाठी दूर राहिलेला बाप आणि स्टेशनवर त्याची वाट पाहणारी मुले, हेही त्या प्रसंगात आहे.

आज पत्राची जागा मोबाइलने घेतली, तरी सीमेवरच्या चौकीत रेंज असेलच असे नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर सैन्य सीमेवर गेले, ते सुमारे १० महिने तेथेच राहिले. मे २०२५ मध्ये सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीने परत बोलावले गेले. मिळालेली रजाही घरासाठी उरत नाही. सातबारा, फेरफार, बांधाचा वाद यांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात ती सरते. मागे राहिलेली पत्नी सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, बँकेचे हप्ते, डाळिंबाची फवारणी आणि मुलांचा अभ्यास एकटीने सांभाळते. विजयस्तंभावर अशा स्त्रियांची नावे कधी कोरली जात नाहीत.

आमच्या सातवीतील एका विद्यार्थ्याचे वडील दहा महिन्यांनी शाळेत भेटायला आले. मुलाने पाहुण्याला करावा तसा नमस्कार केला आणि तो आमच्या मागे येऊन उभा राहिला. त्या जवानाची मान खाली गेली. सीमेवर कोणापुढे न झुकणारा तो माणूस स्वतःच्या लेकरापुढे अवघडून उभा होता.

देशसेवेत त्याग असतोच, असे कोणी म्हणेल. ते आम्हांला मान्य आहे. पण तो त्याग जवानाने समजून-उमजून पत्करलेला असतो. त्याच्या लेकराला कोणी विचारलेले नसते. म्हणून खडतर सीमाभागातील नेमणुकीनंतर कुटुंबासह राहता येईल अशी नेमणूक शासनाने खात्रीने द्यावी. जवानाच्या जमिनीची प्रकरणे त्याच्या रजेच्या काळात प्राधान्याने निकाली काढावीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत पोहोचण्यास जवानाच्या पत्नीला गावाने हात द्यावा. केवळ १ जानेवारीला मानवंदना देऊन समाजाचे कर्तव्य संपत नाही.

आणि शाळेचे काय? आमच्या प्रवेशअर्जात यंदापासून ‘वडिलांची पुढील रजा केव्हा?’ असा एक रकाना वाढवावा, असे आम्ही सुचवतो. पालकसभा त्या रजेत घेता येईल, मुलाला चार दिवस घरी पाठवता येईल. रकाना लहान आहे, पण तो मनापासून भरून घेतला, तर बापलेकांची ओळख तुटणार नाही.