गांधीबागेतलं जळकं तेल

डिझेलचा भाव चढला की कुणाला ना कुणाला घरीच बायोडिझेल करायची हुक्की येते. कृती ऐकायला सोपी आहे. वापरलेलं तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं. लिटरमागे साधारण 200 मिलि मिथेनॉल घेऊन त्यात काही ग्रॅम कॉस्टिक विरघळवायचं, ते 55 अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात घालून ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. काळपट ग्लिसरीन तळाशी बसतं, वर राहतं ते इंधन. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, तेव्हा कल्पना काही आजची नाही.

तरीही नागपूरच्या गांधीबागेत हा उद्योग कुणी करू नये, असं माझं ठाम मत आहे. मिथेनॉलची वाफ 11 अंशांनाच ठिणगीने पेट घेऊ शकते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो. खाली कापडाच्या गाठी, वर राहतं घर, मधे जेमतेम हातगाडी जाईल एवढी गल्ली. अग्निशमनाच्या गाडीने यायचं कुठून? शिवाय हे विष आहे. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. इंधन धुतल्यावर निघणारं साबणी पाणी मोरीत ओतलं की ते नाग नदीचं झालं. तिच्या पदरात आधीच काय कमी आहे? एवढं करून पामतेलापासून केलेलं बायोडिझेल डिसेंबरातल्या आपल्या थंडीत गोठायला लागतं, ते वेगळंच.

बरं, मग तेलाचं करायचं काय? खरा प्रश्न हाच आहे. समोसा, कचोरी, आलुबोंडा, सांबारवडी यांच्यावर जगणाऱ्या या शहरात कढईतलं काळं तेल जातं कुठे? फेकत तर कुणीच नाही. मोठ्या कढईतून उतरलेला पिपा छोट्या ठेल्यावर जाऊ शकतो आणि तिथून आपल्या पोटात. पुन्हापुन्हा तापवून तेलात वाढणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तळणीतून बाद, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. ती संयुगं मोजणारं यंत्र ठेलेवाल्याकडे कुठून असणार? तो रंग बघतो, आणि मसाल्याच्या तरीखाली रंगही झाकला जातो.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवायची ‘रुको’ योजना काढली. पण तेलाचा हिशेब ठेवायची सक्ती झाली ती दिवसाला 50 लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्यांवर. गल्लीतले बहुतेक ठेले त्या रेषेच्या खालीच राहणार. पुढे 10 ऑगस्ट 2019 रोजी सरकारी तेल कंपन्यांनी 100 शहरांसाठी अशा बायोडिझेलची खरेदी जाहीर केली, पहिल्या वर्षी लिटरला 51 रुपये. या 51 रुपयांत मिथेनॉल, वीज, गाडीभाडं आणि कारखानदाराचा नफा बसवल्यावर तेल देणाऱ्याच्या हाती उरणार किती? ताजं तेल शंभरीपार असताना शेजारचा ठेलेवाला जळक्या तेलाला त्याहून जास्त सहज देऊ शकतो. योजना अडते ती इथे. रसायनशास्त्र बिचारं निर्दोष आहे.

जैवइंधनाचा गजर नागपुरात नवा नाही. नितीन गडकरींच्या पुढाकाराने 2014 साली इथे इथेनॉलवरची बस धावली. 2018 मध्ये तो प्रयोग बंद पडला. बस आणणं सोपं असतं, फीत कापता येते. पिपा गोळा करायला रोज गल्लीत यावं लागतं.

म्हणून मागणी साधी आहे. बाजाराच्या संघटनेने तळणीवाल्यांसाठी एक कुलूपबंद पिंप ठेवावं आणि परवानाधारक संकलकाने ते ठरल्या दिवशी न्यावं. भावात जी तूट येईल ती महापालिकेने ठेल्यांच्या शुल्कात सूट देऊन भरून काढावी. जळक्या तेलाच्या आजारांपायी दवाखान्यांवर होणारा खर्च पाहता ही सूट परवडेल. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने परवाना बघून झाल्यावर ‘गेल्या आठवड्याचं तेल कुठे गेलं?’ एवढं विचारावं, ठेला लहान असला तरी. आणि दिवाळीच्या चकल्या झाल्यावर घराघरांत उरणारं तेलही त्याच पिंपात घ्यावं, म्हणजे घरी बायोडिझेल करू पाहणाऱ्या हौशी मंडळींनाही हातभार लावायला काही काम मिळेल.