सीलबंद पाकीट जमिनीवर पडते तेव्हा



सन 2024 मध्ये तिरुपतीच्या लाडवासाठी वापरल्या जाणाऱ्या तुपाविषयी देशभर वाद झाला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हापासून प्रसाद व अन्नपदार्थ यांच्या शुद्धतेविषयी भाविक अधिक जागरूकपणे विचारणा करू लागले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र ही सारी चर्चा पदार्थात काय घातले यापुरतीच राहते. पदार्थ तयार होऊन पाकीट बंद झाल्यानंतर त्याचे काय होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ते लक्ष वेधणारी एक घटना जून 2025 च्या आरंभी घडली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईतील धारावी येथे झेप्टो या घरपोच माल पुरविणाऱ्या कंपनीच्या गोदामाचा अन्नपरवाना निलंबित केला. काही पदार्थांवर बुरशी दिसून आली होती, साचलेल्या पाण्याजवळ माल ठेवलेला होता, जमीन ओली व अस्वच्छ होती आणि खाद्यपदार्थ त्या जमिनीवर अस्ताव्यस्त पडलेले होते, असे तपासणीत आढळल्याचे प्रशासनाने सांगितले. त्याच महिन्यात पुण्यातील बालेवाडी येथील ब्लिंकिटच्या गोदामावरही कारवाई झाली. अशा गोदामांतील बराचसा माल पाकीटबंद असतो. मग तो जमिनीवर ठेवला वा पडला, तर एवढे काय बिघडले, असा प्रश्न सहज मनात येतो.

हाच प्रश्न अन्नप्रक्रिया कारखान्यात प्रत्येक पाळीत उभा राहतो. पट्ट्यावरून येणाऱ्या दुधाच्या पिशव्या, लोणच्याच्या बरण्या, बिस्किटांचे पुडे, गराचे डबे यांतील एखादा खाली पडतो. कामगार तो उचलतो, अंगावरच्या कपड्याला पुसतो आणि पुन्हा पट्ट्यावर ठेवतो. यात त्याचा दुष्ट हेतू नसतो. अन्न वाया घालवू नये हा आपल्या घरोघरचा संस्कार आहे आणि पाळीचा आकडा पूर्ण करण्याची घाईही असते. परंतु या साध्या कृतीत दोन वेगवेगळे धोके दडलेले आहेत.

पहिला धोका पाकिटाच्या आतला. सील म्हणजे बंद करतेवेळी दिलेली एक हमी होय. पाकीट आपटल्यानंतर ती हमी टिकली की नाही, हे तपासल्यावाचून कळत नाही. पत्र्याच्या डब्याला मधोमध साधा पोचा आला तर बहुधा हानी होत नाही, पण तोच पोचा झाकणाच्या दुमडलेल्या सांध्यावर आला, तर डोळ्यांना न दिसणारी फट पडू शकते. निर्जंतुक करून नुकताच बाहेर काढलेला डबा तर अधिकच नाजूक असतो. तो थंड होताना आत निर्वात अवस्था निर्माण होते आणि त्या फटीतून बाहेरच्या पाण्याचा थेंबही आत ओढला जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीचा चिकटवलेला कोपरा उसवतो. काचेची बरणी फुटली, तर तिचे कण आसपासच्या उघड्या मालात उडतात.

हा केवळ तर्क नव्हे. सन 1978 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात अलास्काहून आलेला डबाबंद मासा खाऊन चार वृद्धांना बोटुलिझम या विषबाधेने ग्रासले व त्यांपैकी दोघे दगावले. डब्याला एक बारीक छिद्र होते आणि निर्जंतुकीकरणानंतर त्या छिद्रातून जंतू आत गेले होते. शिजविण्याची सारी प्रक्रिया त्या एका छिद्राने निष्फळ ठरविली.

दुसरा धोका पाकिटाच्या बाहेरचा आहे आणि तो अधिक वेळा दुर्लक्षिला जातो. कारखान्याची जमीन, विशेषतः ओली जमीन व मोरीचा परिसर, हे लिस्टेरिया या जंतूचे आवडते स्थान होय. थंडीतही तो वाढतो. जमिनीवर पडलेले पाकीट आतून निर्दोष असले, तरी त्याच्या पृष्ठभागावर जमिनीवरची घाण आलेली असते. ते उचललेल्या हातमोज्यांनी कामगार पुढच्या क्षणी उघडा पदार्थ हाताळतो, तेव्हा जमीन थेट अन्नापर्यंत पोहोचते. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये मांसाच्या एका तयार पदार्थातून लिस्टेरियाची साथ पसरली. सुमारे 1,060 जणांना लागण झाली व 200 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. साथीचा तो जंतू कारखान्याच्या परिसरातच आढळला होता. पदार्थ शिजविल्यानंतरची हाताळणी किती महत्त्वाची असते, हे त्यावरून ध्यानी यावे.

म्हणून पडलेले पाकीट सरसकट फेकून देणे जसे योग्य नाही, तसेच ते मुकाट्याने परत ठेवणेही योग्य नाही. उत्तम कारखान्यांत पाळला जाणारा क्रम साधारणपणे असा असतो:

1) पडलेली वस्तू पट्ट्यावर परत न ठेवता खूण केलेल्या वेगळ्या क्रेटमध्ये ठेवावी.
2) ती उचलणाऱ्याने हात धुऊन व हातमोजे बदलूनच पुन्हा कामाला लागावे.
3) जबाबदार व्यक्तीने चांगल्या उजेडात सांधा, कोपरे व गळती तपासावी. सांध्यावर पोचा, गळती वा फुगवटा असल्यास वस्तू नष्ट करावी.
4) सील शाबूत असल्यास पाकीट बाहेरून स्वच्छ व निर्जंतुक करून, कोरडे करून मगच पुढे पाठवावे.
5) काच फुटल्यास काम थांबवून जवळचा उघडा माल बाजूला काढावा व जागा पूर्ण स्वच्छ करावी.
6) प्रत्येक घटनेची तुकडीच्या क्रमांकासह नोंद ठेवावी.

यांतील शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. एकाच ठिकाणी रोज पाकिटे पडत असतील, तर दोष बहुधा पट्ट्याच्या उतारात किंवा फुटक्या क्रेटमध्ये असतो. परंतु पडलेल्या मालाची किंमत कामगाराच्या पगारातून कापली, तर तो पडलेले पाकीट लपवील आणि ते थेट आपल्या घरी येईल. सत्य सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, एवढे आश्वासन मालकाने दिले तरी निम्मे काम होते.

आपल्या सीमाभागाला हा विषय जवळचा आहे. कोल्हापूर परिसरात तयार झालेला माल महामार्गाने निपाणीस व बेळगावास येतो आणि इकडचा कुंदा, गोकाकचा करदंट तिकडे जातो. राज्ये दोन असली, तरी अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 हा दोन्हीकडे सारखाच लागू आहे. त्याखालील 2011 च्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीनुसार माल जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवणे आवश्यक आहे. डिसेंबर 2024 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आणखी एक पाऊल उचलले. तपासणीत नापास झालेला, मुदत संपलेला व परत आलेला माल किती होता आणि त्याची विल्हेवाट कशी लावली, याची माहिती उत्पादकांनी दर तीन महिन्यांनी द्यावी, असा आदेश निघाला. नाकारलेला माल नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. आदेश चांगला आहे, पण कागदावरचा आकडा खरा ठरणे शेवटी पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहील.

येथे देवस्थानांचाही संबंध येतो. पोचे आलेले डबे, फाटके पुडे, मुदत संपत आलेला माल अन्नदानासाठी देण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. शिल्लक अन्न गरजूंपर्यंत पोहोचावे यासाठी 2019 मध्ये स्वतंत्र नियम झाले आहेत व तो मार्ग स्तुत्य आहे. परंतु जो डबा आपण आपल्या मुलाबाळांसाठी उघडणार नाही, तो पंगतीला देणे हे दान नव्हे. पंगतीला बसणारा भाविक सील तपासत नाही. तो विश्वासाने हात पुढे करतो.

तरी भाविकांनी अन्नदानासाठी माल देताना वेष्टन, मुदत व चौदा अंकी परवाना क्रमांक पाहूनच द्यावा. महाप्रसादाच्या सेवेकऱ्यांनी खाली पडलेली पाकिटे वेगळी ठेवून जबाबदार व्यक्तीस दाखवावीत. शंका असलेली वस्तू बाजूला काढणाऱ्यास कोणीही बोल लावू नये, अशी सर्वांना नम्र विनंती.

सचिव, विश्वस्त मंडळ
कॅम्प, बेळगाव