बर्फाचा हिशेब

स्कीइंगच्या सहलीला कुठे जावे? गुलमर्गला की औलीला? की पैसे साठवून थेट स्वित्झर्लंड किंवा जपान गाठावे? जाहिरातींत या ठिकाणांची तुलना असते ती उताराची लांबी, हॉटेल आणि खर्च यांची. मी बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीवरचा, भुशात ठेवलेल्या लादीचा. तेव्हा या विषयावर मी कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण जाहिरातीत नसलेला एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो : तो बर्फ येतो कुठून?

जपानचे होक्काइडो बेट या बाबतीत भाग्यवान. सायबेरियाकडून येणारे थंड वारे वाटेतल्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि डोंगरांवर भुसभुशीत हिम ओततात. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला हिमनदीचा आधार. तिथे उन्हाळ्यातही स्कीइंग चालते. मात्र आल्प्समधल्या हिमनद्या आटत आहेत आणि कमी उंचीवरच्या गावांना यंत्रांनी बर्फ करावा लागतो. बीजिंगचे २०२२ चे हिवाळी ऑलिंपिक तर जवळजवळ संपूर्णपणे अशा बर्फावर पार पडले, कारण तिथला हिवाळा थंड पण कोरडा.

यंत्राचा बर्फ म्हणजे शेवटी पाणीच. एक हेक्टर उतारावर फूटभर थर द्यायला साधारण १० लाख लिटर पाणी लागते. १० हजार लिटरचा टँकर धरला तर १०० टँकर! हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्यांना हा आकडा समजावून सांगायला नको. बर्फ वितळला की बरेचसे पाणी ओढ्याला परत मिळते, हे खरे; पण ते उपसले जाते ऐन हिवाळ्यात, ओढे रोडावलेले असताना.

आता आपल्या देशाकडे पाहू. गुलमर्गचा बर्फ येतो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांबरोबर. ते रुसले की सारेच अडते. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ तिथले उतार कोरडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हिमाअभावी 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. औलीच्या पायथ्याचे जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले. मोठी बांधकामे टाळा, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच बजावले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेकडो घरांना तडे गेले आणि औलीचा रोपवे बंद करावा लागला. हे स्कीइंगमुळे झाले, असे मी म्हणत नाही. पण डोंगराला किती ओझे पेलते, हे विचारायला आपण उशीर करतो, एवढे यातून नक्की दिसते.

मग पर्यटन बंद करावे काय? मुळीच नाही. बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान. तो गुलमर्गच्या उतारांवरच घडला. त्याच्या वडिलांचे तिथे स्कीइंगच्या साहित्याचे दुकान होते. हिमावर अशी कित्येक घरे चालतात. म्हणूनच त्या हिमाची काळजी घ्यायला हवी.

माझे मत साधे आहे. सर्वांत चांगले ठिकाण म्हणजे जिथे हिम आभाळातून पडते आणि डोंगराला झेपेल इतकीच माणसे जातात. या कसोटीवर गुलमर्ग मला झरमॅटहून कमी वाटत नाही. मात्र तिथे गेल्यावर एखाद्या वर्षी हिम पडलेच नाही, तर देवदारांचे रान पाहून मुकाट परतण्याची तयारी हवी. यंत्र लावून निसर्गावर वसुली काढू नये.