दंड सरकारला, मनस्ताप प्रवाशाला

६ डिसेंबर २०२५. चैत्यभूमीवर महामानवाला अभिवादन करण्यासाठी नेहमीप्रमाणे भीमसागर लोटला होता. रेल्वेच्या जनरल डब्यात दाटीवाटीने, एसटीने, मिळेल त्या वाहनाने आपली माणसे दादरला आली. प्रस्थापितांच्या वाहिन्यांचे कॅमेरे मात्र विमानतळांवर खिळले होते. इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द होत होती. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उशिरा निघाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. हे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचेच आहेत.

विमानाने फिरणाऱ्यांच्या दुःखाशी आपला काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. प्रश्न रास्त आहे. जनरल डब्यात दरवाजाला लोंबकळणाऱ्याची गाडी सहा तास उशिरा आली तर कोणता मंत्री रात्री जागतो? पण अडकलेल्या त्या तीन लाखांत आपल्या वस्त्यांतून शिकून बंगळूर-हैदराबादला नोकरीला गेलेली मुले नव्हती, असे कोणी समजू नये. आखाती देशात मजुरीला जाणारा, शिष्यवृत्तीवर परदेशी शिकणारा, बुद्धगयेला निघालेला उपासक हे सगळे आज विमानाचे प्रवासी आहेत. शिवाय हा प्रश्न केवळ तिकिटाचा नाही. कायद्याने दिलेला हक्क मालकाच्या मर्जीवर सोडला की त्याचे काय होते, हे या प्रकरणात उघडे पडले आहे.

आधी हा गोंधळ कोणामुळे झाला ते पाहू. वैमानिकांच्या कामाचे तास आणि विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करायची, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणायची, असे ते नियम. कंपन्यांनी कुरकुर केली, अंमलबजावणी लांबली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षे होती. तरी कंपनीने पुरेसे वैमानिक ठेवले नाहीत. कमी माणसांत जास्त फेऱ्या मारून नफा काढायचा, हेच ते खाउजा धोरणाचे गणित!

आणि सरकारने काय केले? साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही ही अट मागे घेतली आणि रात्रपाळीच्या काही नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. चूक मालकाची, झोप गेली कामगाराची. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तेव्हाही उत्पादन बुडेल अशी ओरड झालीच होती. दमलेल्या माणसाच्या हाती यंत्र देणे धोक्याचे असते, आणि इथे तर त्या यंत्रात दीड-दोनशे जीव बसलेले असतात. वैमानिकांमुळे आमचे विमान चुकले, असे म्हणणाऱ्या प्रवाशाने हे ध्यानात घ्यावे.

आता प्रवाशाच्या हक्काकडे वळू. महासंचालनालयाची नियमावली २०१० सालची आहे, पुढे तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये लागू असलेल्या तरतुदी अशा : विमान रद्द होणार असेल तर दोन आठवडे आधी कळवावे, ते जमले नाही तर निदान २४ तास आधी कळवून पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यावा. तेही केले नाही तर प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे पर्यायी विमान, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर भरपाई. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून मोठ्याला १०,०००. ऐकायला बरे वाटते. पण पुढे मेख आहे : ही रक्कम किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यातले जे कमी असेल तेच मिळणार. नागपूर-मुंबईचे मूळ भाडे इंधनासह ३,२०० असेल तर भरपाई ३,२००. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचे तिकीट मात्र सरकारने ६ डिसेंबरला घातलेल्या मर्यादेनुसारही १२,००० पर्यंत जाऊ शकत होते. फरक कोणी भरायचा?

विमान रद्द न होता नुसते उशिरा निघाले तर या नियमावलीत रोख भरपाईच नाही. चहा-नाश्ता, सहा तासांवर उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा परतावा, आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, एवढेच. युरोपातील देशांनी २००४ सालीच विमान रद्द झाल्यास २५० ते ६०० युरोची भरपाई ठरवली, आणि २००९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती तीन तासांच्या उशिरालाही लागू केली. आपल्याकडे विमान कायदा २०२४ साली नव्याने लिहिला गेला. तरीही भरपाईचा हिशेब संसदेच्या कायद्यात आला नाही, तो महासंचालनालयाच्या नियमावलीतच राहिला.

सर्वांत मोठी पळवाट आहे ती 'असाधारण परिस्थिती'ची. पूर, दंगल, संप, हवामान अशी कारणे कंपनीच्या हाताबाहेरची म्हणून भरपाई नाही. हे योग्यच. पण कारण कोणते, हे काउंटरवर आधी ठरवणार कोण? कंपनीच! आरोपीनेच निकाल लिहायचा. डिसेंबरच्या बाबतीत मात्र ती सोय उरलेली नाही. महासंचालनालयाच्या चौकशीत कंपनीचे नियोजन आणि व्यवस्थापनच दोषी ठरले आणि जानेवारी २०२६ मध्ये तिला २२.२० कोटींचा दंड झाला. तीन लाख प्रवाशांवर तो वाटला तर माणशी ७४० रुपये होतात. तेही प्रवाशाला नाहीत, सरकारी तिजोरीत. सर्वाधिक त्रास झालेल्यांना कंपनीने १०,००० रुपयांची कूपने देऊ केली, ती पुन्हा तिच्याच विमानात बसण्यासाठी.

परताव्याचे ६१० कोटी मात्र सरकारने तारीख-वेळ ठरवून दटावल्याबरोबर ७ डिसेंबरपर्यंत निघाले. सरकारने मनावर घेतले तर पैसे दोन दिवसांत निघतात, हे त्यातून सिद्ध झाले. मग भरपाई आपोआप खात्यात का जमा होत नाही?

ती होत नाही, म्हणून मागावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या मुख्यालयाला खेटे घालायची गरज नाही. तिकिटापोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. 'खटला फक्त दिल्लीत' असे तिकिटावर छापलेले असते, त्याला घाबरू नये. २००७ च्या डिसेंबरात दिल्लीहून हैदराबादला निघालेल्या एका प्रवाशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ती अट स्थायी लोक अदालतीच्या आड येऊ दिली नाही. त्या प्रवाशाची भरपाई मात्र रद्द झाली, कारण उशीर धुक्यामुळे झाला होता. म्हणून कारण लेखी मागून घ्यावे, संदेश पुसू नयेत, बोर्डाचा फोटो काढावा.

आणखी एक. संपर्काचा तपशील नीट न देणाऱ्याला भरपाई नाही, असे नियमच म्हणतो. आखातात जाणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांच्या तिकिटावर एजंटचा मोबाइल असतो. तिकीट काढताना स्वतःचा क्रमांक टाकायला लावा.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध बांधवही त्यात आहेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते, पण आपल्यापैकी किती जण त्याची पायरी चढतात? ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. २०२५ च्या त्या आठवड्यात अडकलेल्यांचे अर्ज डिसेंबर २०२७ च्या पहिल्या आठवड्याच्या आत दाखल व्हायला हवेत. तिकीट आणि कंपनीचे संदेश सापडत असतील तर आजच एका पाकिटात घालून ठेवा.