भिजत घोंगडे, अर्धा स्वेटर

रेंगाळलेल्या कामाला मराठीत 'भिजत घोंगडे' म्हणतात. ही प्रतिमा लोकरीची आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. भिजलेले घोंगडे जड होते, लवकर वाळत नाही, पांघरता येत नाही आणि टाकूनही देववत नाही. सुईवर तसाच राहिलेला स्वेटर ज्यांच्या कपाटात आहे त्यांना या वाक्प्रचाराचे वजन नेमके कळेल. मात्र खरे घोंगडे मागावर सहसा अर्धे राहत नाही. धनगराच्या मेंढीची लोकर, सणगराचा माग, चिंचोक्याची खळ असा तो पोटापाण्याचा व्यवसाय. तेथे काम अर्धे ठेवणे म्हणजे उद्याची भाकर अर्धी ठेवणे. विणकाम अर्धवट राहू देण्याची चैन ही हौशी विणकामाचीच, म्हणजे पगारदार मध्यमवर्गाची. हे आरंभीच नमूद केलेले बरे. नाही तर पुढचे सगळे भरल्या पोटीची तक्रार वाटेल. काही प्रमाणात ती तशी आहेही.

या लेखातले 'आम्ही' संपादकीय नाही. तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या, चाळिशीतल्या आम्ही तिघी विणतो. तिघींची मिळून अकरा कामे आज अर्धवट आहेत. लोकर किती आहे ते आम्ही वजन करून पाहिलेले नाही. घरचे, शेजारचे आणि स्टाफरूममधले लोक या दोन्हींबद्दल एकाच सुरात बोलतात : 'आधी आहे ते संपवा.' आमचा आक्षेप या एकाच सुराला आहे. अर्धवट विणकाम आणि साठलेली लोकर या दोन भिन्न, किंबहुना एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी आहेत, असे आमचे मत आहे. पहिलीची आम्ही बाजू घेतो. दुसरीची घेणे आम्हांला कठीण वाटते.

'एक संपवावे, मग दुसरे घ्यावे' हा उपदेश ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्याकडून प्रामुख्याने येतो. प्रत्येक कामाला आपापली वेळ आणि आपापली जागा असते. सरळ सुलट टाक्यांचा मफलर सभेत विणता येतो. हात चालू राहतात आणि कान इतिवृत्ताकडे राहतात. वेलबुट्टीची जाळी मात्र सभेत विणता येत नाही, कारण तिथे प्रत्येक ओळीत टाके मोजावे लागतात आणि मध्येच कुणी 'मॅडम, तुमचे मत?' असे विचारले की मोजणी गेली. काळी किंवा गर्द निळी लोकर रात्रीच्या दिव्यात दिसत नाही. तिला रविवारची सकाळ लागते. लोकलच्या गर्दीत पायमोजे चालतात, शाल चालत नाही. तेव्हा एकाच वेळी तीन-चार कामे सुईवर असणे हा चंचलपणा नव्हे. ज्या बाईचा दिवस तास, तपासणी, स्वयंपाक आणि म्हाताऱ्या माणसांची औषधे यांत चिरला गेला आहे, तिने त्या चिरलेल्या दिवसाशी केलेली ती तडजोड आहे. आपण वाचकही असेच असतो : उशाशी एक पुस्तक, पिशवीत दुसरे, टेबलावर अभ्यासक्रमातले तिसरे. त्याला मात्र कुणी अर्धवटपणा म्हणत नाही. व्यासंग म्हणतात.

काम नेमके कोठे थांबते, हे पाहणे समीक्षेच्या अभ्यासकांना रंजक वाटावे. ते आरंभी क्वचित थांबते. पाठ होते, पुढचा भाग होतो, मुंढे उतरतात, पहिली बाही होते आणि दुसऱ्या बाहीपाशी हात थबकतो. पायमोज्यांचेही तेच : एक होतो, जोडीचा होत नाही. इंग्रजीत विणणाऱ्यांनी या विकाराला नावसुद्धा दिले आहे, 'सेकंड सॉक सिंड्रोम'. आमची उपपत्ती अशी की पहिल्या बाहीत एक प्रश्न असतो : हा नमुना उतरत्या टाक्यांत बसेल का, रंगाची पट्टी खांद्याशी जुळेल का. पहिली बाही त्याचे उत्तर देते. दुसरीत फक्त पुनरावृत्ती उरते. प्रबंधाची सर्व प्रकरणे लिहून झाली आणि संदर्भसूची राहिली, अशा संशोधकाला हे सांगावे लागणार नाही. थांबण्याची दुसरी जागा म्हणजे जोडणी. चारही भाग विणून तयार, पण ते एकमेकांना शिवायचे आहेत. ते काम विणकामाचे नव्हे, शिवणाचे. आणि पुष्कळ विणणाऱ्यांना शिवण आवडत नाही. आमच्या अकरांपैकी तीन कामे केवळ जोडणीवाचून पडली आहेत. एक स्वेटर तर ज्या बाळासाठी होता ते आता चौथीत आहे.

पूर्णत्वाचा हा धाक आला कोठून? आमच्या पिढीपुरते बोलायचे तर शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासातून. वहीत चिकटवलेल्या पूर्ण नमुन्याला गुण असत. सुईवरच्या टाक्यांना नसत. पण कारण याहून खोल असावे. साहित्याच्या जगात अपूर्णतेला केवढी प्रतिष्ठा आहे! काफ्काच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या. १९२४ साली त्याच्या मृत्यूनंतर माक्स ब्रोडने त्या १९२५ ते १९२७ या काळात एकामागून एक प्रसिद्ध केल्या आणि आज त्यांचे अपुरेपण हा त्यांच्या अर्थाचाच भाग मानला जातो. कागदाचे अपुरे बाड सापडले की संपादक मिळतो, प्रस्तावना मिळते, चर्चासत्र मिळते. लोकरीच्या अपुऱ्या कामाला जुनी उशीची खोळ मिळते आणि वर टोमणा मिळतो.

व्हर्जिनिया वुल्फच्या 'टु द लाइटहाउस' (१९२७) या कादंबरीत मिसेस रॅम्से एक पायमोजा विणत असते. दीपगृहाच्या रखवालदाराचा मुलगा आजारी आहे, त्याच्यासाठी. ती तो आपल्या लहान मुलाच्या पायाशी लावून मापते. तो आखूड भरतो. पहिल्या भागाच्या अखेरीस, आपल्या हातून तो पुरा होणार नाही, असे ती नवऱ्याला सांगते. दुसऱ्या भागात तिच्या मृत्यूची वार्ता कंसातल्या एका वाक्यात येते. तिसऱ्या भागात लिली ब्रिस्को आपले अडलेले चित्र पुरे करते. वर्गात ही कादंबरी चर्चेला आली की आपण त्या चित्रापाशी थांबतो. कलावंताची दृष्टी, सिद्धी वगैरे बोलतो. पायमोज्याचे काय झाले, असे विचारणारा विद्यार्थी आम्हांला अजून भेटलेला नाही. वास्तविक कादंबरीने दोन्ही कामे समोरासमोर ठेवली आहेत : एकीचे रंगाचे काम तडीस जाते, दुसरीचे लोकरीचे काम तिच्याबरोबरच संपते. चित्राला वेळ लागला तर ती साधना, आणि मोज्याला वेळ लागला तर तो आळस, ही वर्गवारी आपण वाचक घरून घेऊन येतो.

आता साठ्याविषयी. त्याच्या बाजूने जे बोलता येते ते आधी बोलू. लोकर रंगवली जाते ती एकेका घाण्यात. म्हणून वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. एकाच रंगाचे पण वेगळ्या लॉटचे दोन गुंडे दुकानात सारखे दिसतात आणि अंगावर वेगळे. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण चार-पाचशे ग्रॅम लोकर लागते. मध्येच कमी पडली तर तोच लॉट पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून जाणती बाई नेहमी एक गुंडा जास्त घेते. दहा कामांचे दहा गुंडे उरतात. रंग दहा, आणि कशालाच पुरत नाहीत. इथपर्यंत साठा हा शहाणपणाचा गाळ आहे.

परंतु आमच्या पेट्यांत उरलेले गुंडे थोडे आणि न उघडलेली पाकिटे फार. ती का घेतली? सवलत होती, रंग सुंदर होता, थंडी येणार होती. महाराष्ट्रातली थंडी ती केवढी! पुण्यात डिसेंबर-जानेवारीत थोडे दिवस, मुंबईत त्याहून कमी. स्वेटरचा गळा होईपर्यंत संक्रांत उलटून जाते. आपल्याकडे विणकाम मुख्यतः बाळाची टोपडी, मोजे आणि दुपटी यांवर टिकून आहे ते उगीच नव्हे. तरीही आपण हिमाचलात राहत असल्याच्या थाटात लोकर घेतो. आणि तिला लोकर म्हणायचे तेही सवयीने. लुधियानाहून येणारी आणि आपल्याकडे सर्वत्र विकली जाणारी स्वस्त विणायची 'लोकर' बहुतांशी ॲक्रिलिक असते. तिच्यात मेंढीचा केस नसतो. तिला कसर लागत नाही, कारण कसरीला खायला तिच्यात काही नाही. खरी लोकर निदान आपणहून संपते, डांबराच्या गोळ्या ठेवायला लावते, वर्षातून एकदा उन्हात घालायला लावते. ॲक्रिलिक काहीच मागत नाही. ते नुसते राहते.

आधीच्या पिढीकडेही साठा होता, पण तो वेगळ्या जातीचा. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा, लोकरीची लड करायची, धुऊन वजन बांधून टांगायची म्हणजे तिच्यातले वळ निघतात, आणि त्याच लोकरीत थोडी दुसरी मिसळून धाकट्याचे काही तरी विणायचे. त्या लोकरीने आधी एक आयुष्य पाहिलेले असे. आमच्या साठ्यातल्या लोकरीने काहीच पाहिलेले नाही. तिच्यात आमची केवळ इच्छा आहे. ग्रंथप्रदर्शनातून पिशव्या भरून आणलेल्या न वाचलेल्या पुस्तकांसारखेच हे. 'हौसेला मोल नाही' हे खरे. पण खरेदीची हौस आणि करण्याची हौस यांत फरक आहे, आणि बाजाराला पहिली जास्त परवडते. परदेशी विणणाऱ्यांत आयुष्यभरात संपणार नाही इतक्या साठ्याला 'सेबल' असे विनोदी संक्षिप्त नाव आहे. या विनोदावर आम्ही हसतो. मात्र त्यात दडलेली समजूतदार क्षमा आम्हांला मान्य नाही. अर्धवट बाहीत कुणाचे तरी तास आहेत. न उघडलेल्या पाकिटात फक्त बिल आहे.

म्हणून मर्यादा घालायचीच तर ती पेटीला घालावी, सुयांना नको. तिघींपैकी दोघींनी गेल्या वर्षभरात नवी लोकर घेतलेली नाही. तिसरीचे म्हणणे, शिक्षकदिनाला मिळालेली भेट खरेदीत धरू नये. असो.

उसवण्याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण अर्धवट कामाची ती एक सन्मान्य गती आहे. पेनेलोपी दिवसा विणलेले रात्री उसवते आणि तीन वर्षे मागणीदारांना थोपवून धरते. जगाच्या वाङ्मयात अपूर्ण ठेवण्याचे इतके धोरणी उदाहरण दुसरे आम्हांला आठवत नाही. तिचे काम मागावरचे होते हे खरे, पण मराठीला त्याची अडचण नाही. माग, सुया आणि बुरुडाची टोपली यांना आपल्याकडे एकच धातू पुरतो, विणणे. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'रॅव्हलरी' या विणणाऱ्यांच्या संकेतस्थळावर कामाच्या चार अवस्था मानल्या आहेत : चालू, पूर्ण, निद्रिस्त आणि उसवलेले. शेवटीला तिथे 'फ्रॉग्ड' म्हणतात, कारण इंग्रजीत उसवताना करायचे 'रिप इट, रिप इट' बेडकाच्या ओरडण्यासारखे ऐकू येते. 'अपयशी' असा वर्ग तेथे नाही, हे आम्हांला विशेष वाटते. आपल्या विद्यापीठांत तो आहे.

निद्रिस्त काम मात्र फार झोपू देऊ नये, आणि याचे कारण नैतिक नसून तांत्रिक आहे. वर्षभर सुईवर राहिलेल्या ओळीत वळ पडतो. शिवाय मधल्या काळात हात बदलतो. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. पण एकाच बाईचा हातही आजारपणात, सुटीत, दुःखात निराळा पडतो. पुन्हा सुरुवात केली की ती ओळ दिसते. जाणकार बोट ठेवून सांगतात, इथे थांबली होतीस.

मग दुसऱ्याचे अर्धे काम पुरे करणे तर आणखी अवघड. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. त्याचा मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्यांचे शालेय शिक्षण असे झालेलेच नव्हते त्या बाईंनी. दोन हात कोठे जुळतात आणि कोठे वेगळे दिसतात, हा अभ्यासाचा विषय आहे, आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याने तो घ्यावा अशी आमची शिफारस आहे. लोकरीच्या जगात हेच काम अलीकडे संघटितपणे होऊ लागले आहे : २०२२ साली अमेरिकेत 'लूझ एंड्स' नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यातले स्वयंसेवक, कुणी मरण पावल्यामुळे किंवा आजारपणामुळे अर्धे राहिलेले विणकाम पुरे करून घरच्यांना परत देतात.

आमच्या अकरांतले एक काम असेच वारशाने आले आहे. एकीच्या मावशीने विणलेली पुरुषी स्वेटरची पाठ, राखी रंगाची, काठ बारा नंबरच्या सुईवर, वरचे दहावर. मुंढ्यापर्यंत आलेली आणि सुईवर तशीच. सोबत त्याच लॉटचे चार गुंडे. मावशीचा हात विलक्षण घट्ट होता. एकीचे म्हणणे, पाठ तशीच ठेवून पुढचा भाग आपल्या हाताने विणावा, फरक दिसला तर दिसू द्यावा. दुसरीचे म्हणणे, सगळे उसवून नव्याने टाके घालावेत, म्हणजे कुणाला तरी ते अंगावर घालता येईल. जिची मावशी तिने अजून मत दिलेले नाही. सुई गंजू नये म्हणून तिने टाके मात्र एका जाड दोऱ्यावर उतरवून ठेवले आहेत.