हृदयाचे चार तास



गेल्या चातुर्मासात उदगीर येथे आमच्या परिचयाच्या एका घरी सांत्वनासाठी जाण्याचा प्रसंग आला. घरातील कर्ता मुलगा मेंदूतील रक्तस्रावाने गेला होता. वाचण्याची आशा उरली नाही असे समजल्यावर, अखेरचा श्वास आपल्या माणसांत घ्यावा म्हणून नातलगांनी त्यांस घरी आणले होते. निधनानंतर कुटुंबाने नेत्रदान केले. आपल्या समाजात ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. निघताना त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी मला थांबवले व विचारले, “भाऊ, डोळे नेले, तसं काळीज का नाही नेलं? ते तर शेवटपर्यंत धडधडत होतं.”

त्या क्षणी मी काहीतरी दोन शब्द बोलून वेळ निभावून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. काकूंना द्यावयाचे राहिलेले उत्तर आज या सदरातून देत आहे.

डोळ्यांच्या बाबतीत निसर्ग आपल्याला सवड देतो. बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे मृत्यूनंतर सुमारे सहा तासांपर्यंत तो काढून घेता येतो आणि विशिष्ट द्रावणात काही दिवस, काही द्रावणांत तर चौदा दिवसांपर्यंत, सुरक्षित ठेवता येतो. हृदयाचे तसे नाही. ते अखंड कष्ट करणारे स्नायूंचे इंद्रिय आहे. रक्त व प्राणवायू थांबताच काही मिनिटांतच त्याची हानी सुरू होते. घरी, अंथरुणावर थांबलेले हृदय म्हणूनच दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकत नाही.

मग हृदयदान होते तरी केव्हा? मेंदूचे कार्य कायमचे थांबले आहे, पण कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रामुळे हृदय अजून चालू आहे, अशा अवस्थेत. हिलाच मेंदूमृत्यू म्हणतात. कायद्याने ठरवलेले चार डॉक्टर ठरावीक चाचण्या करतात आणि किमान सहा तासांनी त्या पुन्हा करतात. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच आला, तरच मृत्यू घोषित होतो. त्यानंतर निर्णय कुटुंबाचा.

कुटुंबाने होकार दिला, की घड्याळाशी स्पर्धा सुरू होते. शल्यचिकित्सक थंडगार, पोटॅशियमयुक्त द्रावण देऊन हृदय थांबवतात, निर्जंतुक पिशव्यांत ते ठेवतात आणि बर्फाच्या पेटीत घालून निघतात. सुमारे चार अंश सेल्सिअसला हृदयाची भूक मंदावते, मात्र संपत नाही. म्हणून या पद्धतीत साधारण चार तासांची मर्यादा मानली जाते. त्या चार तासांत केवळ प्रवास येत नाही. नव्या छातीत हृदय जोडण्यास लागणारा सुमारे एक तासही त्यातच धरावा लागतो. हाती उरतात जेमतेम तीन तास.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. लातूरहून मुंबई रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर आहे. रुग्णवाहिका कितीही वेगाने धावली तरी तीन तासांत ती तेथे पोहोचणे अशक्य. म्हणजे विमान हवे, विमानतळापर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा करून दिलेला हवा, आणि पलीकडे रुग्णाची छाती उघडून शल्यचिकित्सक सज्ज असावयास हवेत. यातील एक कडी निसटली तरी सारे व्यर्थ.

या शस्त्रक्रियेचा इतिहास हा पुष्कळ अंशी अंतराचाच इतिहास आहे. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केले. रुग्ण काही तासच जगला. पुढे भारतात पाव शतक या क्षेत्रात शांतता होती, कारण मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यताच नव्हती. 1994 साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. त्या दिवसाची स्मृती म्हणून 3 ऑगस्ट हा आता राष्ट्रीय अवयवदान दिन मानला जातो.

योगायोग असा, की 2015 सालच्या 3 ऑगस्टलाच पुण्यातील एका दात्याचे हृदय विमानाने मुंबईस आले आणि मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी त्याचे प्रत्यारोपण केले. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2016 मध्ये, औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, हृदय मुंबईला गेले. त्याच वर्षी नांदेडहूनही गेले. मराठवाड्याच्या मातीतील हृदय मुंबईत धडधडू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. पण प्रत्येक वेळी ती बर्फाची पेटी होती आणि तेच चार तास.

हे चार तास वाढवता येतील काय, या ध्यासातून गेल्या काही वर्षांत दोन वाटा निघाल्या आहेत.

पहिली वाट शीतलतेची. स्वीडनमधील लुंड येथील डॉ. स्टिग स्टीन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत हृदय थांबलेलेच असते, पण बर्फात पडून नसते. सुमारे आठ अंश सेल्सिअस तापमानाचे, प्राणवायू व पोषक घटक असलेले द्रावण एक छोटा पंप त्याच्या रक्तवाहिन्यांतून सतत खेळवत राहतो. हृदय निजलेले, पण उपाशी नाही, असे म्हणावे. 2024 च्या जानेवारीत फ्रेंच वैद्यांनी कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच बेटांवरून एक हृदय याच यंत्रात ठेवून, नेहमीच्या प्रवासी विमानाने अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिसला आणले आणि बारा तासांनंतर ते रुग्णाच्या शरीरात चालू केले.

दुसरी वाट उष्णतेची. ट्रान्समेडिक्स या अमेरिकी कंपनीच्या यंत्रात हृदय शरीराच्या तापमानाच्या जवळपास ठेवतात. त्यातून दात्याचेच रक्त, प्राणवायू मिसळून, फिरवले जाते आणि हृदय पेटीच्या आत चक्क धडधडत राहते. त्याची प्रकृती वाटेतच तपासता येते. रक्तातील लॅक्टेट वाढू लागले, तर हृदयाला त्रास होतो आहे, हे डॉक्टरांना प्रत्यारोपणापूर्वीच कळते. बर्फाच्या पेटीतील मुक्या हृदयाविषयी असे काही कळण्याची सोय नव्हती.

याच यंत्राने काकूंच्या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. 2014 साली ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयातील डॉक्टरांनी थांबून गेलेली हृदये यंत्रात पुन्हा चालू केली, ती पारखून घेतली आणि रुग्णांना बसवली. तोवर थांबलेले हृदय म्हणजे गेलेलेच, असा समज होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राला 2021 मध्ये आणि अशा थांबलेल्या हृदयांसाठी 2022 मध्ये मान्यता दिली. मात्र गैरसमज नसावा. ते हृदय रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, सारी सिद्धता असताना थांबलेले असावे लागते, आणि हालचाल मिनिटांत करावी लागते. घरी थांबलेल्या हृदयाला आजही हे यंत्र जागे करू शकत नाही.

यंत्रांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका वेळच्या वापराचा खर्च लाखो रुपयांच्या घरात जातो. सोबत प्रशिक्षित माणसे लागतात. आपल्यासारख्या देशात हा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न सुटलेला नाही. तरीही याची खरी गरज आहे ती मोठ्या शहरांना नव्हे, तर आपल्यासारख्या दूरच्या भागांना. पुण्याचे हृदय मुंबईला बर्फातही पोहोचते. लातूर-नांदेडसाठी चाराचे आठ तास झाले, तर विमान न मिळाल्यामुळे वाया जाणारे हृदय कदाचित वाया जाणार नाही. उदगीरहून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ आहे. अवयव प्रथम आपल्या राज्यातील प्रतीक्षायादीतील रुग्णाला देण्याचा नियम आहे. त्यामुळे अंतर कापणे हे आपल्या वाट्याला आलेलेच आहे.

आता काकूंच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. त्यांच्या मुलाचा आजार असा होता, की हृदयदान कदाचित शक्य झाले असते. त्यासाठी अवयवदानाची मान्यता असलेल्या मोठ्या रुग्णालयात, यंत्राच्या आधारावर, आणखी काही काळ त्यांना ठेवावे लागले असते. घरच्यांनी त्यांना घरी आणले यात त्यांची काहीच चूक नाही. आपल्या माणसाला आपल्या उंबऱ्याच्या आत निरोप द्यावा, ही भावना कोणास कळणार नाही? त्यांना दुसरा मार्ग ठाऊकच नव्हता, आणि तो सांगणारे त्या घटकेला जवळ कोणी नव्हते.

काहींच्या मनात धर्मशंका येते, की चालत्या हृदयाला हात लावणे ही हिंसा तर नव्हे? तिचे धार्मिक उत्तर अधिकारी गुरुजनांकडूनच घ्यावे. वैद्यकाच्या बाजूने एवढेच सांगता येते, की मेंदूमृत्यू हा मृत्यूच आहे. त्यानंतर हृदय चालते ते यंत्राच्या आधाराने, आणि तेही फार काळ चालत नाही. औषधदान आणि अभयदान या शब्दांशी आपण लहानपणापासून परिचित आहोत. त्यांचा अर्थ येथवर पोहोचतो की नाही, याचा प्रत्येक घराने शांतपणे विचार करावा.

हा विचार अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून होत नाही. तो आधी, जेवणानंतर सारे एकत्र बसलेले असताना व्हावा. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेकडे, म्हणजे नोटोकडे, आधार क्रमांकाच्या साहाय्याने प्रतिज्ञा नोंदवता येते. पण कागद असूनही अखेरची संमती जवळच्या नातलगांचीच लागते. म्हणून आपली इच्छा त्यांच्या कानावर घालून ठेवावी. आणि असा प्रसंग ओढवलाच, तर रुग्णाला घरी नेण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारावे, “अवयवदान शक्य आहे का?”

हा लेख छापून आला, की मी काकूंकडे जाणार आहे. त्यांना आता वाचणे होत नाही. मीच वाचून दाखवीन.